जवळची खूण

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मी वही उघडायचे. लांबट, हिरव्या कापडी पाठीची वही, पानावर सात घरं आखलेली. येत्या सोमवारपासून रविवारपर्यंत शहराचे महापौर कुठे कुठे जाणार, ते त्या सात घरांत बसवायचं. उजव्या हाताला आमंत्रणांचा गठ्ठा, डाव्या हाताला फोन आणि समोरच्या स्टुलावर आमचे शिपाईमामा. शहरातला बोळ न् बोळ त्यांना पाठ.

नाशिक महापालिकेत मी 1988 साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, महापौरांच्या कार्यालयात गेली. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांची नावं मी इथे घेणार नाही. कोण कसं होतं, हे सांगायला मी बसलेले नाही. मला त्या पानाबद्दल सांगायचं आहे, कारण त्या पानाबद्दल लोक एकच वाक्य बोलतात आणि ते मला आजही लागतं. लग्नात भेटलेले नातेवाईक, बसमधल्या शेजारणी, आमच्या सिडकोतले वाणीदादा, सगळे तेच म्हणायचे, ‘महापौरांना काय काम? फिती कापायच्या.’

कायद्यानं पाहिलं तर महापौरांच्या हातात खरंच थोडं आहे. 1949 च्या महापालिका कायद्यानं कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे दिली. खर्चाचे विषय स्थायी समितीच्या सोळा जणांपुढे जातात. महापौरांनी महासभेचं अध्यक्षस्थान सांभाळायचं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं. गल्लीतला एक दिवासुद्धा थेट हुकमानं त्यांना लावता येत नाही. दारात आलेल्या माणसाला हे माहीत नसतं. त्याच्या लेखी महापौर म्हणजे गावातलं मोठं माणूस, त्यांच्यापुढे कागद ठेवला की झालं. मग कोणी दिवा मागायचं, कोणी अंगणवाडीला खोली, कोणी स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता. महापौर निवेदनाच्या समासात शेरा मारायचे, ‘तातडीने कार्यवाही करावी’, खाली सही आणि तारीख. मी तो कागद जावकला नोंदवून खात्याकडे धाडायचे.

सही तीच, शाई तीच. तरी एक कागद आठ दिवसांत मार्गी लागायचा आणि दुसऱ्याला महिना लागायचा. असं का, हे मला चार-पाच वर्षं कळलं नाही. कळलं ते वहीमुळे. एकदा सहज मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की, ज्या भागात महापौर त्या महिन्यात जाऊन आलेले असत, तिथला कागद पळायचा. सोमवारच्या बैठकीत एक महापौरबाई अभियंत्यांना सांगायच्या, ‘पिठाच्या गिरणीसमोरचं ते चेंबर. परवा तिथून मी चपला हातात घेऊन गेले.’ आता याला कोण ‘बघतो’ म्हणेल? ज्यानं बघायचं, त्यानं ते आधीच बघितलेलं असायचं.

तेव्हापासून मी आयोजकांना एक विनंती करू लागले. गाडी मांडवाच्या तोंडाशी आणू नका, कोपऱ्यावर थांबवा. कोणाला ते मान कमी केल्यासारखं वाटायचं. पण खरं काम त्या कोपऱ्यापासून मांडवापर्यंतच्या दोनशे पावलांत व्हायचं. ओट्यावरच्या आजीबाई हाक मारायच्या, पोरं सायकली घेऊन मागे लागायची, नळावरची बाई हंडा खाली ठेवून म्हणायची, ‘ताई, जरा हे बघता का?’ फीत कापायला दोन मिनिटं पुरतात. ती दोनशे पावलं चालायला कधी कधी पाऊण तास लागायचा. पुढच्या कार्यक्रमाला उशीर व्हायचा, फोन माझ्यावर यायचे आणि ते फोन मी आनंदानं घ्यायचे.

माझी नोकरीची पहिली चार वर्षं महापौरांविनाच गेली होती. नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या तीन नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून 7 नोव्हेंबर 1982 रोजी महापालिका झाली, पण पहिली निवडणूक व्हायला 1992 उजाडलं. तोवर प्रशासक. मग शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. त्या वेळी मुदत वर्षाचीच असायची, पुढे ती अडीच वर्षांची झाली. त्या पहिल्या दिवसांत एक गृहस्थ धोतर-टोपीत, पार मखमलाबादकडून आले होते. निवेदन आहे का, विचारलं तर म्हणाले, ‘काम नाही काही. आपला महापौर झाला, बघायला आलो.’ पाणी प्याले, थोडा वेळ बाकावर बसले आणि गेले.

‘महापौर’ या शब्दावर माझा फार जीव आहे. पौर म्हणजे पुरात, म्हणजे नगरात राहणारा, नागरिक. महापौर म्हणजे थोरला नागरिक. हुद्द्याचं सगळं मोठेपण तिथेच राहणाऱ्यांतलं एक असण्यात आहे. हा शब्द सावरकरांनी घडवला आणि त्यांचा जन्म भगूरचा, देवळालीला लागून असलेल्या आमच्याच गावचा. ‘दिनांक’ आणि ‘महापालिका’ हे शब्दही त्यांचेच. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रिकेवर हे तिन्ही शब्द असायचे. छपाई स्वस्त, शाई पसरलेली, पण ते शब्द दिसले की वाटायचं, हे बाहेरून आलेलं नाही, इथलंच आहे.

मामांच्या पिशवीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. निळ्या रेक्झिनची, बंद शिवून शिवून जाड झालेली पिशवी. महापौरांच्या गाडीत पुढच्या सीटवर मामा आणि मामांच्या मांडीवर पिशवी. आत दोन शाली, तीन नारळ, कात्री, काडेपेटी, कापसाच्या वाती, तेलाची छोटी बाटली, सेफ्टी पिनांचं पान, सुईदोरा आणि लिमलेटच्या गोळ्या. कात्री कशाला, तर गरीब वस्तीतल्या कार्यक्रमात फीत आणलेली असते, कात्री राहून जाते. तिथे पाहुण्यांसमोर धावाधाव होऊ नये, यजमानाची मान खाली जाऊ नये, म्हणून मामा कात्री हळूच पुढे करायचे. काडेपेटीचंही तेच. पाऊस आणि वारा असला की समई पेटत नाही आणि माइकवरचा माणूस कासावीस होतो. शाल कोणासाठी, तर मंचावर ज्यांचा सत्कार ठरलेला नाही पण व्हायला हवा, अशा माणसासाठी. ते माणूस हेरायचं काम मामांचं. एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात सत्कार झाला तो एकतीस वर्षं तिथे घंटा देणाऱ्या सेवकाचा. त्यांचं नाव पत्रिकेवर नव्हतं.

आता माझी चूक सांगते. आमच्या शहरात एक शिवाजीनगर सातपूरकडे आहे आणि एक जेलरोडला. जेलरोडच्या महिला बचत गटानं मकरसंक्रांतीनंतर हळदीकुंकू ठेवलं होतं. पत्रिका नव्हती, वहीच्या फाडलेल्या कागदावर निमंत्रण होतं. मी वहीत लिहिलं, ‘शिवाजीनगर, सायं. 5’ आणि पुढच्या फोनकडे वळले. मामा त्या दिवशी रजेवर. गाडी सातपूरला गेली. कार्बन नाक्याजवळ अर्धा तास शोधाशोध, मग मला फोन, मग मी कागद शोधला आणि माझ्या पोटात गोळा आला. शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, तेही संध्याकाळी, द्वारका चौकाची कोंडी ओलांडून. मी रिक्षा करून परस्पर जेलरोडला गेले. साडेसात वाजले होते. सतरंज्यांवर साठ-सत्तर बाया बसलेल्या, काहींच्या मांडीवर लेकरं झोपलेली. कोणी उठून गेलं नव्हतं. मी माफी मागायला गेले तर गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘असू द्या हो. दोनदा समई लावली, आता तिसऱ्यांदा वात घातलीये.’

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

महापौर आल्या, गाडीतून उतरताच सर्वांपुढे हात जोडले, आणि चूक कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मंचावरची खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या. नऊ वाजेपर्यंत बसल्या. निघताना मला म्हणाल्या, ‘तुम्ही आज जेवल्या का?’ त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या प्रत्येक घरात एक जास्तीची ओळ आखली आणि तिला नाव दिलं, ‘जवळची खूण’. पिंपळाचा पार, पाण्याची टाकी, अमक्यांची दूध डेअरी, रेशन दुकान. खूण कळल्याशिवाय निमंत्रण घ्यायचं नाही. निमंत्रण देणाऱ्याला फोनवर त्याच्या वस्तीचं वर्णन करायला लावायचं. यातून मला हे शहर जेवढं कळलं, तेवढं नकाशातून कधीच कळलं नसतं.

आणखी एक नियम मी स्वतःशी केला होता. पंचवटी, पूर्व, पश्चिम, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड हे सहाही विभाग आठवड्याच्या पानावर एकदा तरी यायला हवेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडची आमंत्रणं सुंदर कागदावर, महिनाभर आधी यायची. वडाळ्याचं किंवा फुलेनगरचं बोलावणं आदल्या दिवशी, तोंडी यायचं. पान भरताना मी आधी तोंडी निमंत्रणं लिहायचे.

बाकी वर्ष आपल्या चालीनं चालायचं. ईदच्या सकाळी शहाजहानी ईदगाह मैदान, फेब्रुवारीत नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा, गुरुनानक जयंतीला शिंगाडा तलावाचा गुरुद्वारा, नवरात्रात कालिका मंदिर, अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून निघणारी मिरवणूक. जयंत्या आणि पुण्यतिथ्या तर वहीत न लिहिताही पाठ. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांच्या वाढदिवशी, मात्र मी स्वतःहून कार्यक्रम मागून घ्यायचे. तात्यासाहेब रस्त्यानं चालताना दिसत, त्या गावात मी मोठी झाले. 10 मार्च 1999 ला ते गेले. त्या दिवशीच्या घरात आधी लिहिलेलं सगळं मी खोडलं आणि नुसतं ‘तात्यासाहेब’ लिहिलं. ते पान अजून डोळ्यांसमोर आहे.

लग्नसराईचे दिवस वेगळेच. मुहूर्त सगळ्यांचा एकच आणि लग्नं नऊ. छत्रपती संभाजीनगर रोडवर लॉन्सची रांग, दिंडोरी रोडला लॉन्स, गंगापूर रोडला लॉन्स. अंतराचा हिशेब मामा करायचे.

रविवारची सकाळ मात्र रामकुंडावर सुरू व्हायची. नाशकात कोणाचाही दहावा असला की सकाळी आठ-साडेआठला गोदाकाठी माणसं जमतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत वाट बघणारे नातेवाईक पांढऱ्या टोप्यांत उभे असतात आणि पायरीवर माइक लावलेला असतो. गेलेलं माणूस भाजी बाजारातलं असो, सराफ बाजारातलं असो की एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेलं असो, श्रद्धांजलीची भाषणं होतात. बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं की, दुःखाच्या वेळी भाषणं कशाला? पुढे अनेक दहावे बघितले. कोणी तरी म्हणायचं, ‘महापौर आता शहराच्या वतीने श्रद्धांजली वाहतील.’ आणि ‘शहराच्या वतीने’ हे दोन शब्द ऐकताच त्या घरातल्या माणसांचा चेहरा बदलायचा. आपला बाप फक्त आपला नव्हता, तो या गावाचाही होता, हे त्यांना त्या पायरीवर उभ्या उभ्या कळायचं. दारावर जायचं राहिलं असेल तर दहाव्याला तरी जायचंच, हा मामांचा आग्रह असायचा. दहावे वहीत पेन्सिलनं लिहायचे, कारण ते आदल्या रात्री कळायचे.

आणि काही दिवस असे, की पूर्ण पानावर आडवी रेघ. रविवार, 4 ऑगस्ट 2019. गंगापूर धरणातून विसर्ग वाढत गेला, गोदावरीला महापूर आला. नाशिककर पुराची मोजणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून करतात. गुडघ्याला पाणी आलं, कंबरेला आलं, छातीला आलं, असे फोन सकाळपासून येत होते. मग कोणी तरी सांगितलं, मारुती दिसतच नाही. सराफ बाजारात, कापडपेठेत पाणी शिरलं. कुठली कोनशिला आणि कुठला सत्कार? मी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘नदी’. दुसरा शब्द सुचला नाही. ज्या नदीची आपण ओटी भरतो, तीच दुकानांत शिरते. ओटी भरायची ती गंगापूर धरणावर. धरण भरलं की महापौरांनी जलपूजनाला जायचं, पाण्याला साडी-चोळी आणि नारळ अर्पण करायचा. मी एकदाच सोबत गेले होते. मातीचा तो लांबच लांब बांध, वारा, आणि समोर पुढच्या उन्हाळ्याचं पाणी. महापौरांनी नारळ सोडला आणि किती तरी वेळ त्या ओणव्याच राहिल्या. मागून कोणी तरी म्हणालं, ‘चला, उशीर होतोय.’ त्या म्हणाल्या, ‘होऊ द्या.’

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. मीही त्याच वर्षी निवृत्त झाले. माझ्या नोकरीची सुरुवात आणि शेवट, दोन्ही महापौरांविना. त्या काळात कामं थांबली, असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले, नळाला पाणी आलं, घंटागाडी दारात येत राहिली. पण माझा फोन वाजत राहिला. आमच्या भागातल्या वाचनालयाचे सेक्रेटरी विचारत, ‘वर्धापनदिनाला कोणाला बोलवायचं?’ बचत गटाच्या बाया विचारत, ‘पत्रिकेवर नाव कोणाचं टाकू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयुक्तांच्या अंगावर आख्ख्या शहराचा कारभार, आणि बदली झाली की ते दुसऱ्या गावी जाणार. त्यांना फुलेनगरच्या हळदीकुंकवाला कुठल्या तोंडानं बोलवायचं? प्रशासन दारापर्यंत येतं, पण सतरंजीवर बसत नाही. त्यासाठी तिथलंच, निवडून दिलेलं माणूस लागतं. जवळजवळ चार वर्षं ते नव्हतं.

त्या चार वर्षांतच मामा गेले. 2024 चा पावसाळा होता. दहाव्याला मी रामकुंडावर गेले. गर्दी खूप होती, जुने कर्मचारी आले होते, माजी नगरसेवक आले होते, लॉन्सवाले, बचत गटाच्या बाया, शाळेचे सेवक, सगळे आले. भाषणं झाली. ज्या पायरीवर मामांनी शेकडो वेळा महापौरांच्या मागे पिशवी धरून उभं राहून दुसऱ्यांची दुःखं बघितली, त्या पायरीवर त्यांचा फोटो होता आणि शहराच्या वतीने बोलायला कोणी नव्हतं. माझ्या हातात माइक दिला गेला. मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. पिशवीत काय काय असायचं, तेवढं सांगितलं. दोन शाली, तीन नारळ, कात्री, काडेपेटी. सेफ्टी पिनांपर्यंत आले आणि पुढचं बोलता आलं नाही. त्यांच्या सुनेनं येऊन मला धरलं.

जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. शहराला पुन्हा महापौर मिळणार म्हटल्यावर त्या दिवसांत मी सकाळी वर्तमानपत्र उघडून आधी आतलं पान बघायचे, आजचे कार्यक्रम कुठे आहेत ते.

मग एका शुक्रवारी फोन आला, चारच्या सुमाराला. आवाज कोवळा होता. एक मुलगी बोलत होती, आठवड्याचं पान आता तिच्याकडे आलं होतं. माझा नंबर तिला जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सापडला म्हणे.

‘मॅडम, एक विचारायचं होतं. शिवाजीनगरचं आमंत्रण आलंय, रविवारी सायंकाळचं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय. हे कुठलं शिवाजीनगर?’

‘कोणाची चिठ्ठी आहे?’

‘महिला बचत गट.’

मी खुर्ची ओढून बसले. ‘जेलरोडचं असेल. पण तू फोन करून विचार. विचारल्याशिवाय लिहू नकोस. त्यांना म्हणावं, जवळची खूण सांगा. आणि गाडी कोपऱ्यावरच थांबवायला सांग.’

‘थांबा हं मॅडम, लिहून घेते.’ पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. ‘हां, सांगा.’